काठी टेकायची पण सवलत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर, निधनवार्ता आणि हरवलेल्या माणसाच्या फोटोच्या अधेमधे, दर पंधरा दिवसाला एक चौकटीतली छोटी बातमी येते, "जिल्ह्यात मनाई आदेश लागू". महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37 (1) व (3). तुम्ही सवयीने छापता, आम्ही सवयीने पान पलटतो. माझं केज तालुक्यात एका बाजाराच्या गावात ऑनलाइनचं दुकान आहे, सातबारा, केवायसी, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म असली कामं, गिऱ्हाईक नसलं की पेपर वाचायचा. एकदा सर्व्हर डाऊन होता म्हणून ती बातमी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली आणि कात्री घेऊन कापलीच. तेव्हापासून नाद लागलाय, दर पंधरवड्याची कापून भिंतीला चिकटवतो, पहिलीची तारीख संपली की दुसरी हजरच असते. सण असो, निवडणूक असो, आंदोलन असो नाहीतर काहीच नसो.

त्यात कशाकशाला मनाई असते ते एकदा वाचाच. तलवारी, भाले, बंदुका हे ठीक आहे. पुढं सोटे, दंडे, काठ्या. दगड जमा करणे. मग जाहीरपणे घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्य वाजवणे. पाच किंवा जास्त माणसं जमवणे, मिरवणूक काढणे. पाच माणसं तर केवायसीच्या दिवसात माझ्या काउंटरला नुसती टेकून उभी असतेत. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, लग्नाला अंत्ययात्रेला लागू नाही, आणि शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी वापरणे आवश्यक आहे त्यांना लागू नाही.

हे मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवलं. आबा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे गेलेले, बाभळीची काठी टेकत दुकानावर येतेत. म्हणलं आबा, तुमच्या काठीला कलेक्टर साहेबांनी पंधरा दिवसाची सवलत दिलीय. आबा म्हणले, "म्हंजी सोळाव्या दिवशी काय रांगत येऊ का?" सगळे हसले, मी पण हसलो, पण नंतर ते डोक्यातनं जाईना. काठी आबांची, बाभूळ आमच्या बांधावरची, पाय आबांचे, आणि टेकायची ती सवलत म्हणून. एवढ्याचसाठी हे पत्र लिहायलोय.

भिंतीवर जागा होती म्हणून त्या कात्रणांच्या खाली स्केचपेननं एक यादी सुरू केली, शेवटी "बंदी" येणारे सगळे सरकारी शब्द. गिऱ्हाईकांनीच भर घातली. जमावबंदी, नेटबंदी, निर्यातबंदी, टुकडेबंदी, वायदेबंदी, झोनबंदी, नोटबंदी, गोवंश हत्याबंदी. एका म्हाताऱ्यानं हळूच "नसबंदी" म्हणलं, दुकान हसलं पण तो हसला नाही, आणीबाणीत त्याच्या चुलत्याला ट्रकमधी घालून नेलं होतं म्हणे. पक्षाचं नाव मी यादीत लिहित नाही. त्या यादीत सगळ्या रंगाची सरकारं आहेत.

माझा पोरगा पुण्यात शिकायला आहे, तो म्हणतो पप्पा तुम्ही लिबर्टेरियन आहात. म्हणलं बाबा आम्ही नुसते बिल्लेवाले. आबा 1984 ला परभणीच्या अधिवेशनाला गेले होते, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून त्यांच्या पेटीत आहे. संघटनेचे संस्थापक शरद जोशी साहेब स्वित्झर्लंडमधली यूएनची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि त्या शेतीनंच त्यांना शिकवलं की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याला गरीब ठेवलं जातंय. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्याकडं लहान लेकरांना पाठ होती. आता घोषणा भिंतीवरून पुसून गेली आणि भीक मात्र महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडतीय, त्याचं पुढं लिहितो.

आधी सोयाबीनचं सांगतो कारण ते माझ्या अंगावरून गेलंय. 2021 च्या जुलै-ऑगस्टात लातूरच्या आडतीवर सोयाबीन 10 हजाराच्या पुढं गेलं, आमच्या पिढीनं असा भाव बघितला नव्हता, पण त्या वेळी माल होता कोणाच्या घरात? आमची घरं मोकळी. उभ्या पिकाकडं बघून मात्र माणसं हिशोब करायला लागली, कोणी बोअर, कोणी पोरीचं लग्न, मी दुकानाला नवीन प्रिंटर. ऑगस्टात केंद्र सरकारनं पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि आमची रास निघेपर्यंत भाव निम्म्यावर. गंमत पुढं आहे, ती पेंड जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची. म्हणजे जे बी मी माझ्या वावरात पेरलं तर गुन्हा, त्याच बियाची पेंड जहाजानं आली तर चालती. कोंबडीनं खाल्लेलं चालतं, शेतकऱ्यानं पेरलेलं नाही.

तरी डिसेंबरपर्यंत भाव परत जरा मान वर काढायला लागला होता, तर 20 डिसेंबर 2021 ला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे आजच होणारे सौदे, बंद केले. सोयाबीन, हरभरा, मूग, मोहरी, गहू, भात आणि कच्चं पामतेल, सात माल. एका वर्षासाठी म्हणले होते, मग मुदत वाढवली, परत वाढवली, आमच्या मनाई आदेशासारखंच. वायदा म्हणजे सट्टा असं पुष्कळांना वाटतं आणि त्यात सट्टेबाज नसतेत असं मी म्हणणार नाही. पण मला एवढं माहीत आहे की तेव्हा पोरं दुकानात येऊन मोबाईलवर पुढच्या महिन्याचा भाव बघायची आणि मग ठरवायची, आज विकायचं का गोदामात टाकायचं. आता अंदाजपंचे. मिलवाल्याला जगाचा भाव कळतो, त्याच्याकडं माणसं आहेत, शिकागोचं मार्केट बघणारी. आंधळं केलं ते फक्त मला.

2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडं निम्मं सोयाबीन पाण्यात गेलं, उरलेलं काळं पडलं, ते दिवाळीला आडतीवर नेलं तर चार हजाराच्या आसपास. सरकारी केंद्रावर का नेलं नाही म्हणाल तर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आधी नोंदणी, मग मेसेजची वाट, मग बारदाना नाही. घरात दवाखान्याचं बिल पडलेलं असताना मेसेजची वाट बघणारा शेतकरी मी अजून बघितला नाही.

इथं आमच्यातले बरेच जण म्हणतेत की मग आयातीवर बंदी घाला. मी त्यांच्यातला नाही, आणि यावरून पारावर माझी भांडणं झालीयेत. खाद्यतेलावरचा कर सप्टेंबर 2024 ला वाढवला, मे 2025 ला परत कमी केला, ऑगस्टात कापसावरचा 11 टक्के आयात कर उठवला, रोज दार उघडायचं आणि लावायचं, कडी मात्र कायम दिल्लीच्या हातात. माझं म्हणणं एवढंच की दार उघडं ठेवायचं तर दोन्ही बाजूनं ठेवा. बाहेरचा माल येऊ द्या आणि माझा माल बाहेर जाऊ द्या, बी मला पाहिजे ते पेरू द्या, भाव चढला तर चढू द्या. जोशी साहेब जगाचा व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं बोलले तेव्हा त्यांना सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या, डाव्यांनी पण आणि स्वदेशीवाल्यांनी पण. तुमची जुनी बाइंडिंग काढून बघा.

कांद्याचं थोडक्यात. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला सरळ निर्यातबंदी, मग 4 मे 2024 ला उठवली ती पण टनाला किमान 550 डॉलर भावाची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून, ते शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. मधी गुजरातच्या 2 हजार टन पांढऱ्या कांद्याला मात्र वाट काढून दिली. आष्टीकडचे आमचे पाहुणे विचारत होते, आमच्या कांद्याचा रंग कुठं चुकला. ऊसवाल्यांचं पण तेच, त्याच डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आडकाठी घातली, ज्या इथेनॉलसाठी कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून कर्ज काढून प्लांट उभे केले होते. आणि नवीन कारखाना म्हणाल तर जुन्यापासून 25 किलोमीटर हवाई अंतर लागतं. किराणा दुकानाला असं अंतर लावलं असतं तर शेजारच्या दुकानदाराला केवढा आनंद झाला असता.

2018 ला श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रिअर संस्थेचा अहवाल आला होता, 2000 पासूनच्या सोळा-सतरा वर्षांचा हिशोब करून त्यांनी सांगितलं की सरकारी धोरणांचा सगळा जमाखर्च धरला, खताची वीजेची सबसिडी मोजून, तरी भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे 14 टक्के निघतो. म्हणजे दिलं कमी आणि काढून घेतलं जास्त. जोशी साहेब याला "उणे सबसिडी" म्हणायचे तेव्हा विद्यापीठातले लोक हसायचे.

कापसाचं तर गाव सगळं जाणतंय. बीटी 2002 ला आलं, त्याच्या पुढचं तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं जगात कधीचं पेरतेत, आपल्याकडं परवानगी नाही. म्हणून पेरा थांबला का? आमच्या भागात रात्री गाडीवर पाकीट येतं, बिल नाही, लेबल खोटं, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडं करणार, स्वतःच गुन्हेगार. खुरपणीला बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, मग माणूस काय करील. जून 2019 ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला संघटनेच्या लोकांनी दिवसाढवळ्या, पत्रकारांना बोलावून हे बी पेरलं, मिठाच्या सत्याग्रहासारखं. आबा म्हणले गाडी करा, जाऊ, गुडघ्यानं ऐकलं नाही.

आता जमीन. आमच्या गल्लीतल्या एकाला वडिलांच्या बायपासला पैसे पाहिजे होते, रोडलगतची पाच गुंठे विकायची होती, घेणारा तयार, देणारा तयार, मोजणी झालेली. रजिस्ट्री होईना, टुकडेबंदी. 1947 चा कायदा, जिरायत 20 गुंठ्याच्या आत विकता येत नाही, बागायत 10 च्या आत. म्हणजे पाच गुंठ्याची गरज असलेल्यानं एकतर अर्धा एकर विकावा नाहीतर बाप मरू द्यावा. शेवटी बॉन्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर, व्यवहार झाला जसा सगळ्या मराठवाड्यात होतो, भाव अर्थातच पाडून, कारण कागद कच्चा. त्या बॉन्डचे पण सरकारनं 2024 ला 100 चे 500 केले. 2025 ला शहरालगतच्या रहिवासी पट्ट्यापुरती ही अट सैल करायचं ठरलं, चांगलं झालं, पण त्याच न्यायानं खेड्यातल्या माणसानं काय घोडं मारलं होतं.

सीलिंगचं पण तसंच. कोरडवाहू 54 एकर, बारमाही पाण्याखालची 18 एकर, याच्यावर शेतकऱ्याला ठेवता येत नाही, कारखानदाराला किती फॅक्टऱ्या असाव्यात याला मर्यादा नाही. तुम्ही म्हणाल आता 54 एकर आहे कोणाकडं? नाहीच, मला स्वतःला पाच एकर आहे. पण चार भाऊ मिळून कंपनी करू, बाहेरचा पैसा आणू म्हणलं तर हा कायदा आडवा येतो, बिगरशेतकऱ्याला तर जमीन घ्यायलाच परवानगी लागते. आणि कोर्टात जायची सोय आधीच बंद केलेली. 1951 च्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं नववं परिशिष्ट जोडलं, तेव्हा त्यात 13 कायदे होते, आज 284 आहेत, बहुतेक जमिनीचे. त्या पहिल्या 13 मधी दोन आपल्या हैदराबाद संस्थानातल्या जहागिरींचे होते, त्या जहागिरी गेल्या ते बरंच झालं, निजामाच्या काळातलं आबांच्या वडिलांनी भोगलंय. सीलिंगमधी भूमिहीनाला मिळालेली जमीन परत घ्या असं पण मी म्हणत नाही. पण जहागीरदारासाठी केलेला दरवाजा पाच एकरवाल्याच्या तोंडावर लावून ठेवलाय हे तर बघा. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचं किसानपुत्र आंदोलन हेच किती वर्षं सांगायलंय, सीलिंग, आवश्यक वस्तू, भूसंपादन हे तीन कायदे काढा. दर 19 मार्चला साहेबराव करपेंच्या कुटुंबासाठी उपवास करतेत, 1986 ला त्या दिवशी त्या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला होता. तुमच्या पेपरात त्याची बातमी मनाई आदेशाएवढीच येते, दोन इंच.

इथं आमच्या निवृत्त सरांचा मुद्दा आला पाहिजे नाहीतर ते पत्र वाचून दुकानावर येतील. सर म्हणतेत, सगळं मोकळं सोडलं तर व्यापारी सोलून खाईल. सर, व्यापारी साधू नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आडतीवर मी कडता दिलाय, म्हणजे वजनात फुकटची काट सोसलीय, हमाली दिलीय, काळं पडलंय म्हणून क्विंटलमागं दीडशे उतरवून घेतलेत. पण ज्या वर्षी गावातच एका मिलवाल्यानं आणि एका शेतकरी कंपनीनं काटे लावले त्या वर्षी त्याच आडत्यानं मला चहा पाजला, कडता सोडला आणि वरून पोराची चौकशी केली. त्याला कोणत्या इन्स्पेक्टरनं सुधरवलं नाही, शेजारच्या काट्यानं सुधरवलं. 2020 चे केंद्राचे तीन शेती कायदे आले तेव्हा मला ते अर्धवट वाटले होते, साठ्यावर बंधन घालायची किल्ली सरकारनं खिशात ठेवलीच होती, आणि न विचारता वटहुकूम काढून आणले ही तर मोठी चूक, मोकळीक पण हुकमानं देतेत का. पण नोव्हेंबर 2021 ला ते गेले तेव्हा पारावर जे फटाके वाजले ते मला समजले नाहीत. कोर्टानं नेमलेल्या समितीतले आपल्या संघटनेचे अनिल घनवट यांनी अहवाल शेवटी स्वतःच लोकांपुढं ठेवला, तोपर्यंत कायदे गेलेले होते.

बैलाचं लिहू का नको असा विचार करत होतो कारण यावर लोक डोकं बाजूला ठेवून बोलतेत. आमच्याकडं लाल कंधारी बैल आहे, सर्जा, बारा वर्षं राबला, आता उठताना मागचे पाय थरथरतेत. आबांचा जीव आहे त्याच्यावर, मी त्याला कापायला द्या म्हणायला बसलेलो नाही. पण 4 मार्च 2015 पासून राज्यात बैलाची कत्तल पण बंद झाली, पाच वर्षं शिक्षा, म्हणजे कामातनं गेलेल्या बैलाची किंमत एका सहीनं शून्य. पूर्वी जुना बैल विकून त्यात भर घालून खोंड घ्यायचे, शेतकऱ्याची फिरती बँक होती ती. आता नेकनूरच्या बाजाराला बैल नेला तर दोन दिवस फिरवून आणावा लागतो. विकला तरी रस्त्यात गाडी अडवणारी पोरं वेगळी, त्यांना कोणी आयकार्ड विचारत नाही. 2025 ला कुरेशी समाजानं जनावर खरेदीच बंद केली तेव्हा बाजार ओस पडले आणि मग बऱ्याच जणांना कळलं की हा कायदा कोणाच्या खिशातून चाललाय. धर्म ज्याचा त्यानं पाळावा, पण माझ्या दावणीला पाळायचा आणि कडबा मी घालायचा हे कसं?

नेटबंदीला आता तीन ओळी. 30 ऑक्टोबर 2023 ला बीडमधी जाळपोळ झाली, घरं पेटवली, ते वाईटच होतं, त्यानंतर संचारबंदी आणि नेट बंद. फेब्रुवारी 2024 ला बीड, जालना, संभाजीनगरात परत. माझं दुकान म्हणजे नेट, ते गेलं की मी नुसता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला माणूस. एका पोराच्या फॉर्मची शेवटची तारीख गेली, पेट्रोल पंपावर फोनपे चालेना, दवाखान्यात रोख मागायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतेत ते हेच. सुप्रीम कोर्टानं 10 जानेवारी 2020 ला अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सांगितलंय की नेट बंदचा आदेश जाहीर केला पाहिजे, बेमुदत बंद ठेवता येत नाही, आणि जमावबंदीच्या 144 कलमाचे आदेश परत परत काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. 37 चं कलम वेगळं आहे हे मला कळतं. सवय तीच आहे.

जुलै 2025 ला विधिमंडळात कडव्या डाव्यांसाठी म्हणून जनसुरक्षा विधेयक पास झालं, सरकारला वाटलं तर एखादी संघटना बेकायदेशीर, मग तिच्याशी संबंध असला तर दोन ते सात वर्षं. डाव्यांशी आमच्या आबांचं आयुष्यात कधी पटलं नाही आणि माझं पण पटत नाही. पण आज त्यांच्यासाठी केलेलं दावं उद्या कोणाच्या गळ्यात पडंल हे कोण सांगणार, बेकायदेशीर संघटनांसाठी केंद्राचा यूएपीए कायदा आहेच की 1967 पासून. 2012 ला पालघरच्या दोन पोरींना नुसत्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, बंद का पाळायचा असं विचारलं म्हणून, एकीनं लिहिलं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. आयटी कायद्यातलं ते 66ए कलम सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं पण तोवर सव्वादोन वर्षं गेली होती.

आणि ज्या एका कामासाठी आम्ही सरकार ठेवलंय ते काय? आमच्याच तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचाचा 9 डिसेंबर 2024 ला ज्या पद्धतीनं खून झाला ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. पवनचक्की कंपनीकडं खंडणी मागितल्याचं प्रकरण दोषारोपपत्रात आहे. त्या महिन्यात पण माझ्या भिंतीवर मनाई आदेशाचं कात्रण आहे, शस्त्रं, सोटे, दंडे, काठ्या, सगळं त्यात लिहिलेलं आहे. गाणं म्हणायची बंदी होती हो, ज्याला मारायचं होतं त्याचं काही अडलं नाही.

राहिली भीक. माझ्या बायकोला पण लाडक्या बहिणीचे 1500 येतेत आणि ती ते सोडणार नाही, मी सोड म्हणणार पण नाही, आमच्याच खिशातून गेलेले थोडे परत येतेत असं समजतो. पीएम किसानचे वर्षाला 6 हजार, राज्याच्या नमोचे 6 हजार. पण ते घेण्यासाठी काय काय करावं लागतं हे माझ्या काउंटरवर बसून बघा. मागच्या महिन्यात एक ऊसतोड बाई आली, हात कोयत्यानं घासून गुळगुळीत झालेले, मशीनवर अंगठा उमटंना. दहा वेळा ठेवला, तेल लावून, पदरानं पुसून, दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी म्हणली, "दादा, माजंच बोट मला वळकंना." मी तिचे पैसे घेतले नाहीत, पण तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. इथं त्या बाईचा आधार, बँक, सातबारा, रेशन, नवऱ्याचा मोबाईल नंबर, सगळं माझ्यासारख्या कोण कुठल्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर उघडं असतं. मी बरा माणूस आहे म्हणून बरं.

आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी म्हण आहे. आमच्याकडं उलटं झालंय, बाप कमवू देईना आणि भीक मात्र रांगेत उभं करून वाढायलाय. आबांना विचारलं तर ते दुसरीच म्हण सांगतेत, भीक नको पण कुत्रं आवर.

एक विनंती आहे साहेब, त्यासाठीच एवढं लांबण लावलं. पुढच्या पंधरवड्याचा मनाई आदेश छापाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला एक प्रश्न विचारायला सांगा, की मागच्या पंधरा दिवसात या आदेशाखाली किती गुन्हे दाखल झाले, कोणावर, आणि नेमकं काय होणार होतं म्हणून तो काढला होता. मिळालं उत्तर तर त्याच चौकटीत खाली एक ओळ छापा. नाही मिळालं तर "उत्तर मिळाले नाही" एवढं छापा. मी ते पण कापून चिकटवीन.

आपला नियमित वाचक,
एक ऑनलाइनवाला,
ता. केज, जि. बीड

ता. क. पत्र लांबलं असलं तर कांद्याचं कापा, बैलाचं कापू नका, आबांनी सांगितलंय. सर्जा अजून दावणीलाच आहे.